फाटकात गाडी आपोआप बंद झाली, परत चालूच झाली नाही: ऑटो स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्या कुणाकडं आहेत काय?

टिळकवाडी_विठू | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचूलोय, आज पहिल्यांदा लिहूलोय, कारण सकाळी जे झालं ते डोक्यातून जाईना.

गाडी पेट्रोल, मॅन्युअल, केए २२ म्हणजे आपलं बेळगाव पासिंग, साडेचार वर्षं झाली, ४१ हजार किलोमीटर. सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की चालू, ते ऑटो स्टार्ट-स्टॉप आहे तिच्यात. पहिली तीन वर्षं काही त्रास नाही. वर्षभरापूर्वी बॅटरी बदलली, त्यानंतरही सहा-आठ महिने बरं होतं. पण गेल्या दोन-तीन महिन्यांपासून कसलं तरीच होऊलंय, कधी बंद होते आणि वीस सेकंदांत आपली आपण चालू होते, कधी चार दिवस बंदच होत नाही, आणि दोनदा तर चालू होताना घड्याळ १२:०० वर गेलं आणि रेडिओची स्टेशनं पुसली गेली.

आमच्या आप्पांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. दवाखाना कॅम्पच्या बाजूला, घर टिळकवाडीत, म्हणजे दुसरं रेल्वे गेट ओलांडल्याशिवाय सुटका नाही. बहुतेक वेळा बायकोच घेऊन जाते, मी उद्यमबागेत शिफ्टला असतो. आज नेमकी मला सुट्टी होती म्हणून मी होतो. गेट पडलेलं, आमच्या पुढं दोन रिक्षा आणि एक टेम्पो, मागं ही रांग. इंजिन आपोआप बंद झालं. एसी नव्हता, पंखा दोनवर होता. मालगाडी गेली, गेट वर गेलं, क्लच दाबला तर टक् टक् टक् टक्, मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि विझले. चावी फिरवून बघितली, तेच. मागचे हॉर्न मारूलेत, आप्पा मागं बसलेले, त्यांना वाटलं माझंच काहीतरी चुकलं. शेवटी चहाच्या गाड्यावरची पोरं धावत आली, ढकलून बाजूला घेतली, परत ढकलून दुसऱ्या गिअरला क्लच सोडला तेव्हा चालू झाली. दवाखान्यात पाऊण तास उशिरा पोचलो.

बायको एकटी असती तर काय केलं असतं हाच विचार येऊलाय. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले स्कॅन करावं लागेल, गुरुवारी आणा. एकानं सांगितलं सेल्फ गेलाय, एकानं सांगितलं हे स्टार्ट-स्टॉपचं खूळच मुळापासून काढून टाक. कुणाला अनुभव असेल तर सांगा, मनापासून विचारूलोय.

शहापूरकर_७६ | सोमवार, रात्री १०:३१

आप्पांची तब्येत बरी आहे ना आता? ते आधी सांगा.

गाडीचं म्हणाल तर 'ए' आणि त्याभोवती गोल बाण असलेलं बटण असतंय बघा डॅशवर, ते दाबायचं, दिवा लागला की सिस्टीम बंद. मी गाडीत बसलो की सीट बेल्टच्या आधी तेच बटण दाबतो. सारखं सारखं सेल्फ मारून सेल्फ नाही जाणार तर काय होणार? आमच्या वेळच्या गाड्यांना असलं काही नव्हतं, चाललं की सगळं.

टिळकवाडी_विठू | सोमवार, रात्री १०:४४

आप्पा ठीक आहेत, आता झोपलेत. बटण माहीत आहे पण ते दरवेळी चावी फिरवली की परत पहिल्यासारखं चालू होतंय, बायको घाईत विसरते. आणि घड्याळ का पुसलं जातंय त्याचं उत्तर बटणात नाही.

खानापूर_शिक्षिका | मंगळवार, सकाळी ६:५०

मी रोज बेळगावहून खानापूरला शाळेत जाते, माझ्याही गाडीत हीच सिस्टीम आहे, सहावं वर्ष चालू आहे आणि मी ती कधी बंद केलेली नाही. दादा, सेल्फ गेला असं लगेच धरून चालू नका. या गाड्यांना सेल्फ मुळातच दणकट बसवलेला असतो, दिवसाला चाळीस-पन्नास वेळा मारायचा हिशेब धरूनच केलेला.

आणि शहापूरकर काका, हे नवीन खूळ अजिबात नाही. टोयोटानं जपानात १९७४ मध्येच क्राऊन गाडीवर उभी राहिली की इंजिन बंद करणारी यंत्रणा बसवली होती. आपल्याकडं मायलेज आणि धुराचे नियम कडक होत गेले तसं ते आलं. बटण दरवेळी परत चालूवर का जातं त्याचंही कारण तेच, कंपनी मायलेजचा जो आकडा जाहीर करते तो सिस्टीम चालू धरून चाचणीत मिळालेला असतो, आणि त्या चाचणीत गाडी बराच वेळ नुसती उभी असते.

तुमचं 'कधी होतं कधी नाही' यातलं निम्मं तर नॉर्मलच आहे. इंजिन गरम झालेलं नसेल तर बंद होत नाही. एसी लावलाय आणि आत अजून गार झालं नाही तर होत नाही, एप्रिल-मेमध्ये दुपारी माझी गाडी एकदाही बंद होत नाही. सीट बेल्ट लावला नसेल, दार नीट लागलं नसेल, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असेल, जास्त चढ-उतार असेल, ब्रेकचा व्हॅक्यूम कमी झाला असेल, तरी नाही. आणि बॅटरी कमी असेल तर नाहीच. पण घड्याळ १२:०० वर जाणं नॉर्मल नाही. बॅटरीचं व्होल्टेज त्या क्षणी एवढं खाली गेलं की रेडिओचा, घड्याळाचा जीव गेला, असा त्याचा अर्थ. गुरुवारपर्यंत वहिनींना बटण दाबूनच चालवायला सांगा, चावीच्या जुडग्याला एक लाल दोरा बांधा म्हणजे आठवण राहील.

उद्यमबाग_वायरमन | मंगळवार, दुपारी १:२०

जेवायच्या सुट्टीत लिहूलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. ३१ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, डायनॅमो, सेल्फ, वायरिंग सगळं. टीचरनी बरोबर सांगितलंय बघा.

विठू, वर्षभरापूर्वी बॅटरी कसली बसवलास? सगळं गणित तिथं आहे. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला साधी बॅटरी चालत नाही. कंपनीकडून ईएफबी येते नाहीतर एजीएम येते, म्हणजे सारखं चालू-बंद सोसणारी दणकट बॅटरी, तसं लेबलवर लिहिलेलं असतंय. साध्या बॅटरीचं काम काय, सकाळी एकदा सेल्फ मारायचा आणि मग डायनॅमोनं भरत ठेवायची, ती कायम फुल्ल असली तरच जगते. स्टार्ट-स्टॉपमध्ये तसं नसतंय, इंजिन बंद असताना पंखा, हेडलाइट, रेडिओ, ब्रेकलाइट सगळं बॅटरीवर, मग सेल्फ, मग थोडं भरलं न भरलं तोवर परत बंद. म्हणजे कायम अर्धी-पाऊण भरलेली. साधी बॅटरी अशी अर्धपोटी ठेवली की तिच्या प्लेटींवर सल्फेट बसतंय, आठ-दहा महिन्यांत ती बाहेरनं ठणठणीत दिसते पण आत दम नसतो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सेल्फ मारला की बसली.

आता घरी काय करायचं ते सांगतो, साधा मल्टिमीटर असला तरी झालं.

रात्री गाडी लावलीस की बॉनेटची खिट्टी आतनं ओढून बॉनेट नुसतं टेकवून ठेव, आणि चावी आत घरात लांब ठेव. सकाळी गाडीचं दार उघडायचं नाही, दार उघडलं की सगळे कॉम्प्युटर जागे होतात आणि रीडिंग चुकतंय. सरळ बॉनेट उचलायचं आणि टर्मिनलवर मीटर लावायचा. १२.६ च्या वर म्हणजे फुल्ल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. मग बायकोला सेल्फ मारायला सांग आणि मीटरकडं बघ, किती खाली जातंय. साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी दमलीय नाहीतर टर्मिनल ढिलं आहे. चालू झाल्यावर १३.८ ते १४.७ च्या मधे कुठंतरी दिसलं पाहिजे. एखादवेळी १३ च्या खाली दिसलं तर लगेच डायनॅमो गेला म्हणून ओरडू नकोस, हल्लीच्या गाड्यांत डायनॅमो सारखा भरत नाही, कॉम्प्युटर ठरवतो कधी भरायचं. हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावून परत बघ.

आणि एक फोटो टाक बॅटरीचा. निगेटिव्ह टर्मिनलचा जवळनं. ते मला बघायचंच आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगतो सगळ्यांना. सिग्नलला इंजिन आपोआप बंद झालंय म्हणून तसंच उतरून बॉनेट उघडायचं नाही कधीच. चावी बंद करायची, खिशात घालायची, मग उघडायचं. गाडी 'बंद' नसते, थांबलेली असते. बऱ्याच गाड्यांत बॉनेटला स्विच असतंय पण स्विच खराब असलेल्या गाड्या मी बघितल्यात, बेल्टमधे बोट गेलेला पोरगाही बघितलाय.

निपाणी_डिझेल | मंगळवार, दुपारी ४:०५

वायरमन मामा, लाख मोलाचं सांगितलंत. माझी डिझेल ऑटोमॅटिक आहे, तिच्यात थोडं वेगळं आहे, ब्रेक पूर्ण दाबून उभं राहिलं की बंद, ब्रेक सोडला की चालू. ब्रेक हलकाच धरला तर बंद होत नाही, मग मी काय करतो, कोगनोळी टोल नाक्यावर रांग सरकती असली की ब्रेक हलका धरतो आणि गाडी पूर्ण थांबणार असली की जोरात दाबतो. आठवड्यात पायाला सवय होते.

अजून एक, बीएस ६ डिझेलवाल्यांसाठी. एप्रिल २०२० नंतरच्या आपल्या गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो काजळी जाळत असताना स्टार्ट-स्टॉप काम करत नाही. मला माहीत नव्हतं, निपाणीत गावात गाडी थांबली तरी बंद होईना, रेस नेहमीपेक्षा जरा जास्त, पुढचा पंखा जोरात. मी बिघाड समजून चावी बंद करूलो होतो आणि तेच चुकूलं होतं. तसं दिसलं की बंद करू नका, हायवेला घ्या, तवंदी घाट चढून संकेश्वरपर्यंत जाऊन या, आपोआप सरळ होतंय.

चंदगडकर | मंगळवार, रात्री ९:१८

धागा बघून विचारतो. मी भाजी घेऊन बेळगाव-चोर्ला-पणजी करतो आठवड्यातून दोनदा, नवीन गाडी घ्यायचा विचार आहे. घाटात उतारावर जॅम लागला आणि इंजिन बंद झालं तर ब्रेक लागतो काय? स्टिअरिंग जड होतंय काय? आमच्या भावाचं म्हणणं असली गाडी घाटाला घेऊच नकोस.

उद्यमबाग_वायरमन | मंगळवार, रात्री १०:४०

ब्रेक लागतो. इंजिन बंद झालं तरी बूस्टरमधे व्हॅक्यूम साठलेला असतो, दोन-तीन वेळा पूर्ण ब्रेक मारण्याइतका. तू सारखा पायडल पंप करूलास आणि व्हॅक्यूम कमी झाला तर सेन्सर ते ओळखतो आणि इंजिन आपोआप चालू करतो. जास्त उतारावर तर मुळात बंदच करत नाही. स्टिअरिंग इलेक्ट्रिक असतंय, आणि बऱ्याच गाड्यांत उभं असताना ते वळवायला गेलास की इंजिन चालू होतंय.

पण मी तरी काय म्हणतो, चोर्ल्याला लागायच्या आधी बटण दाबून सिस्टीम बंद कर. घाटात माणसाचं लक्ष रस्त्यावर पाहिजे, धुकं असतंय, पावसात दरड असतेय, तिथं इंजिन चालू की बंद हा विचार नको. आणि उतारावर पेट्रोल वाचवायला म्हणून न्यूट्रलवर गाडी सोडणारे आहेत, ते तर अजिबात नको. गिअरमधेच उतरव.

दुसरं पावसाचं. बळ्ळारी नाल्याला पूर आला की वडगाव-येळ्ळूर बाजूला रस्त्यावर पाणी असतंय. तसल्या पाण्यात शिरायच्या आधी बटण बंद. मधेच इंजिन थांबलं आणि सायलेन्सर पाण्याखाली असला तर परत चालू करायचा नादच करू नका. पाणी आत ओढलं तर इंजिन खोलायची वेळ येते.

टिळकवाडी_विठू | बुधवार, सकाळी ७:३५

मामा, तुम्ही सांगितलं तसं केलं. रात्री बॉनेट टेकवून ठेवलं, चावी देवघरात. सकाळी सहाला मीटर लावला.

उभं असताना १२.०८. सेल्फ मारताना ८.७ पर्यंत गेलं, मीटरच्या आकड्यांवर डोळा ठरेना म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढून मग थांबवून बघितलं. चालू झाल्यावर १४.३. सगळे दिवे लावले तरी १४.१.

बॅटरीवर कुठंच ईएफबी लिहिलेलं नाही. जुनी बॅटरी काढली तेव्हाचं बिल सापडलं, जुनी देऊन नवी घेतली होती, त्यात जुन्याच्या मॉडेल नंबरासमोर ईएफबी आहे. म्हणजे मला साधी बसवली. दुकानात मी विचारलं होतं हो, हे चालतंय ना म्हणून, तेव्हा तो म्हणाला 'एन आगंगिल्लरी, हाकरी', काही होत नाही, बसवा. दीड हजार वाचले म्हणून मीही गप्प बसलो.

निगेटिव्हचा फोटो टाकलाय. त्या टर्मिनलवर एक काळी चौकोनी डबी आहे, तिच्यावर बारीक प्लग आहे. आणि टर्मिनलच्या बोल्टावर दोन जादा काळ्या वायरी आवळल्यात, एक डॅशकॅमची, एक अॅम्प्लिफायरची, दोन्ही तीन-चार महिन्यांपूर्वी बसवल्या.

उद्यमबाग_वायरमन | बुधवार, दुपारी १:१०

सापडलं बघ. मला हेच बघायचं होतं.

ती काळी डबी म्हणजे बॅटरी सेन्सर. बॅटरीत किती अँपिअर गेले, किती आले, ताप किती, हे ती मोजते आणि कॉम्प्युटरला सांगते, त्यावरच इंजिन बंद करायचं की नाही ठरतंय. आता तुझ्या त्या दोन वायरी कुठं आवळल्यात बघ, सेन्सरच्या अलीकडं, डायरेक्ट बॅटरीच्या खांबाला. म्हणजे डॅशकॅम आणि अॅम्प्लिफायर जे खातात ते सेन्सरच्या हिशेबातच येत नाही. घरात पैशाची पेटी आहे, वहीत रोजचा खर्च लिहिला जातोय, पण मागच्या दारानं कुणीतरी रोज पन्नास रुपये काढून नेतोय, तसं झालंय. वही म्हणते पेटीत पैसे आहेत, पेटी उघडली की रिकामी. कॉम्प्युटरला वाटतंय बॅटरी ७०-७५ टक्के आहे म्हणून तो फाटकात बिनधास्त इंजिन बंद करतो, आणि आत बॅटरी पाव उरलेली.

डॅशकॅम पार्किंग मोडवर आहे काय? २४ तास?

टिळकवाडी_विठू | बुधवार, दुपारी २:०२

होय. दवाखान्याच्या बाहेर चार-पाच तास गाडी उभी असते, कुणीतरी ठोकून जातंय म्हणून बसवला.

उद्यमबाग_वायरमन | बुधवार, रात्री ८:४५

मग हिशेब कर. पार्किंग मोडला तसला कॅमेरा पाव अँपिअर तरी ओढतो. पाव गुणिले २४ म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-अवर. तुझी बॅटरी ४५-५० ची असेल. आणि गाडी चालते किती, टिळकवाडी ते कॅम्प, चार किलोमीटर, त्यात फाटक. तेवढ्यात ६ भरून निघत नाहीत. आठवड्यात बॅटरी खाली.

म्हणजे एकावर एक तीन गोष्टी आल्या: बॅटरी चुकीची, अर्थिंग चुकीच्या जागी, आणि भरायला प्रवास पुरेसा नाही. स्टार्ट-स्टॉप सिस्टीमचा यात काडीचा दोष नाही.

उद्या कारखान्यातनं सुटलास की ये, मी असतो. पण गाडी स्टार्ट-स्टॉपचं बटण दाबून आण.

शहापूरकर_७६ | बुधवार, रात्री ९:३०

वायरमन, मी एवढे दिवस सेल्फ जातो म्हणूनच बटण दाबत होतो. पण एक मनापासून विचारतो, एवढी महाग बॅटरी, एवढ्या भानगडी, वाचतं किती? फायदा आहे काय खरंच?

खानापूर_शिक्षिका | बुधवार, रात्री १०:१५

काका, मी मुलांना गणितात हेच उदाहरण देते म्हणून आकडे तयार आहेत. लहान पेट्रोल इंजिन नुसतं उभं राहून चालू ठेवलं तर तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जातं, एसी लावला की जास्त. विठूदादांचं फाटक जाता-येता मिळून दहा मिनिटं धरा, म्हणजे तासाचा सहावा भाग, सव्वाशे मिलिलिटर. महिन्यात अशा बारा-तेरा फेऱ्या, म्हणजे दीड लिटर. मी रोज जाते, माझे गेट, गोवावेस, चन्नम्मा सर्कल सगळे धरून महिन्याला तीनेक लिटर वाचत असतील. हायवेवर जो कायम पळतो त्याला शून्य. म्हणून नुसत्या पैशाचा हिशेब घातला तर बॅटरीतला फरक निघायला वर्षं जातात, हे मी लपवणार नाही.

पण फाटकात उभं राहून बघा कधीतरी. दोन्ही बाजूंना शंभरेक गाड्या, सगळ्यांची इंजिनं चालू, मधे शाळेची मुलं सायकल घेऊन त्या धुरात उभी. मला त्यांच्यासाठी ते इंजिन बंद झालेलं बरं वाटतं. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करणंच फायद्याचं, आणि फाटक तर पाच-पाच मिनिटं पडतं. मी तर गेट आत्ताच पडलंय असं दिसलं की चावीनंच पूर्ण बंद करते, म्हणजे पंखा-हेडलाइटही बॅटरीवर पडत नाहीत.

अजून एक उपयोग कुणी लिहिला नाही. क्लच चुकून लवकर सुटला आणि गाडी बंद पडली, तर चावीला हात लावायची गरज नसते, क्लच पूर्ण दाबला की माझी गाडी परत चालू होते. मी नवीन शिकले तेव्हा कपिलेश्वर पुलाच्या चढावर यानंच मला वाचवलं.

निपाणी_डिझेल | गुरुवार, सकाळी ८:२०

ऑनलाईन एक डबी मिळते, प्लगला लावली की सिस्टीम कायमची बंद राहते किंवा मागची स्थिती लक्षात ठेवते. माझ्या मित्रानं लावली आणि वॉरंटीचं वायरिंगचं काम आलं तेव्हा वाद झाला. वॉरंटीत गाडी असेल तर नका लावू.

आणि स्मार्ट हायब्रिडवाल्यांनी गोंधळू नये. मारुतीच्या एर्टिगासारख्या गाड्यांत बेल्टवरचा जनरेटरच इंजिन परत चालू करतो, म्हणून आवाज येत नाही, आणि नव्या मॉडेलमधे साध्या बॅटरीबरोबर लिथियमची दुसरी बॅटरी असते. तिथं हे व्होल्टेजचं गणित जसंच्या तसं लावू नका.

टिळकवाडी_विठू | शुक्रवार, रात्री ११:०५

आज सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

काल संध्याकाळी मामांकडं गेलो. सर्व्हिस सेंटरची वेळ पुढं ढकलली. मामांनी आधी गाडी लॉक करून अर्धा तास नुसती ठेवली, सगळे कॉम्प्युटर झोपले पाहिजेत म्हणाले. मग निगेटिव्ह वायर आणि खांब यांच्या मधे मीटर लावून किती करंट जातोय ते बघितलं. ०.३१ अँपिअर. डॅशकॅमचा फ्यूज काढला, ०.०३ वर आलं. डोळ्यांनी बघितलं म्हणून विश्वास बसला. ०.०५ च्या आत असलं की नॉर्मल म्हणे. (हे मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतो.)

दोन्ही काळ्या वायरी खांबावरून काढल्या, बॉडीवर जिथं बॅटरीची मूळ अर्थिंग वायर येते त्या बोल्टाशेजारी रंग खरवडून तिथं आवळल्या, वर ग्रीस लावलं. आता ते खातात ते सेन्सरमधून जातंय. डॅशकॅमला कट-ऑफ लावला, १२.४ च्या खाली गेलं की कॅमेरा आपोआप बंद. अॅम्प्लिफायर मी काढूनच टाकतो म्हटलं, आप्पांना तसाही मोठा आवाज सहन होत नाही.

बॅटरी ईएफबीच घेतली, मूळ होती तेवढ्याच क्षमतेची. लेबल मी स्वतः वाचलं, तयार झाल्याचा महिना बघितला, बिलावर ईएफबी लिहून घेतलं. बसवायच्या आधी मामांनी रात्रभर हळू चार्जिंगला लावली, दुकानातनं आलेली बॅटरी फुल्ल असतेच असं नाही म्हणाले. आज सकाळी बसवली. माझ्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की बॅटरी काढून लावली तर चावी बंद ठेवून सुमारे ४ तास गाडी हलवायची नाही, तेवढ्यात सेन्सर नव्या बॅटरीचा अंदाज घेतो. मी मधेच दोनदा चालू करून बघणार होतो, मामांनी चावीच काढून घेतली. काही गाड्यांत स्कॅनर लावून नवीन बॅटरी नोंदवावी लागते, ज्यानं त्यानं आपलं पुस्तक बघा.

जंपर केबलचंही शिकवलं. लाल चिमटा पॉझिटिव्हला, पण काळा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला न लावता इंजिनच्या नाहीतर बॉडीच्या लोखंडाला लावायचा, नाहीतर सेन्सरचा हिशेब परत चुकतो. केबल आता डिकीत ठेवलीय, बायकोला दोनदा लावून दाखवली, तिसऱ्यांदा तिनं मला न विचारता लावली.

मामांनी मजुरी घ्यायला नको म्हटलं. आप्पांचं ऐकलंय, राहू दे म्हणाले. मी कुंद्याचा डबा ठेवून आलोय.

चंदगडकर | शनिवार, सकाळी ७:१०

वाचून लई बरं वाटलं विठूदादा. मी गाडी घेतो आता, बटण कुठं आहे तेवढं शोरूममधे आधी बघतो. बॅटरी बदलताना ईएफबी चंदगडात मिळाली नाही तर गडहिंग्लजला नाहीतर बेळगावला येईन, साधी बसवणार नाही.

उद्यमबाग_वायरमन | शनिवार, दुपारी १:३०

विठू, आठवड्यातनं एकदा तरी गाडी तासभर पळव. हिंडलग्यावरनं बाचीपर्यंत नाहीतर हिरेबागेवाडीपर्यंत जाऊन ये. चार-चार किलोमीटरनं कुठलीच बॅटरी भरत नाही, ईएफबी असली तरी. टर्मिनल पावसाळ्याच्या आधी एकदा आवळून घे.

कुंदा पोरांनी संपवला.

टिळकवाडी_विठू | सोमवार, दुपारी १२:४८

आज सकाळी बायको एकटीच आप्पांना घेऊन गेली. मी कारखान्यात होतो पण जीव फोनमधे. पावणेअकराला तिचा फोन आला, पोचलो म्हणून.

दुसरं गेट पडलेलंच होतं. इंजिन आपोआप बंद झालं. मागच्या सोमवारचं आप्पांच्या मनात बसलेलं, त्यांनी लगेच पुढं वाकून विचारलं, "बंद पडली काय गं परत?" ती म्हणाली, "नाही आप्पा, थांबलीय." पॅसेंजर गेली, गेट वर गेलं, क्लच दाबला, चालू झाली. घड्याळ जागेवर होतं.

आज सकाळचं रीडिंग १२.६४. पंधरा दिवसांनी परत मोजून इथंच टाकतो.